सकाळी आठची गोळी, बाराचं जेवण

माझ्या बायकोला जे झालं ते शुगरच्या आजारानं झालं, असं आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात सगळे म्हणतात. दळण घेऊन येणाऱ्या बाया म्हणतात, "काय करता भाऊ, आजारच तसा." मी मान हलवतो आणि त्यांचा डबा काट्यावर ठेवतो. सात महिने मी अशी मान हलवली.

खरं असं आहे की तिचा आजार सहा वर्षं तिच्या मुठीत होता. जे झालं ते माझ्यामुळं झालं. त्या दिवसांतलं तिला काहीच आठवत नाही, त्यामुळं न सांगताही निभावलं असतं. सांगायचं की नाही, या एका गोष्टीनं मला दवाखान्यापेक्षा जास्त छळलं. शेवटी सांगितलं. ते कसं, हे पुढं येईलच. ज्यांच्या घरात दोघांनाही शुगर आहे आणि ज्यांच्या मोबाईलवर रोज नवीन पथ्य येतं, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

*

बाजाराच्या रस्त्याला आमची पिठाची गिरणी आहे. पुढं गिरणी, मागं दोन खोल्या. माझं वय बावन्न, शोभाचं अठ्ठेचाळीस. एकच मुलगी, मनीषा, आम्ही तिला मनी म्हणतो. ती वारंगा फाट्याला दिली आहे. जावयाचं तिथं टायरचं दुकान आहे.

दीड वर्षापूर्वी गिरणीचा दगड टाकी लावायला, म्हणजे टोचून खरखरीत करायला, उतरवताना माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला. जखम साधी होती, पण महिना झाला तरी भरेना. शोभा म्हणाली, "हिंगोलीला दाखवून या." मी टाळलं. मग तीच सोबत आली. डॉक्टरांनी पाय नंतर बघितला, आधी बोटातून रक्त घेतलं. शुगर तीनशे चाळीस.

माझ्या वडिलांचा पाय याच आजारात गुडघ्याखाली कापला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. ते ओसरीवर बसून नसलेल्या पायाची बोटं खाजवायला हात न्यायचे, ते मी पाहिलं आहे. डॉक्टर गोळ्या लिहून देत होते आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये मी सेनगावपर्यंत पायाची पट्टी चाचपत बसलो. शोभानं मांडीवरच्या पिशवीतून फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

"एवढं काहून घाबरून राहिले?" ती म्हणाली. "मला सहा वर्षं झाले. मेले का मी?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं? गोळी घ्यायची, टायमावर खायचं, जरा चालायचं. रडत बसलं की शुगर वाढती म्हणत्यात."

तिचं खरंच एवढंच होतं. सकाळी आठला गोळी, लगेच भाकरी, सोबत अंबाडीची नाहीतर कुठलीही पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. दुपारी वरण, भाजी, भाकरी. चारला चहासोबत फुटाणे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा एक तुकडा ती खायची आणि दुसऱ्या दिवशी मळ्यापर्यंत पायी जायची. तिच्या तपासण्या कधी फार बिघडल्या नाहीत. मी मात्र त्या जीपमध्ये मनाशी म्हटलं, हिला आजाराचं गांभीर्यच नाही.

*

पुढच्या चार महिन्यांत मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. कारल्याचा रस प्यालो, मेथीचं पाणी प्यालो, पंधरा दिवस नुसत्या काकड्या खाल्ल्या. प्रत्येक वेळी आठवडाभर उत्साह, मग चिडचिड, मग एका बैठकीत चार भाकऱ्या आणि नंतर पश्चात्ताप. मग एका गिऱ्हाइकानं मला मोबाईलवरच्या एका गटात घेतलं. त्यांचं एकच सांगणं होतं, धान्य बंद. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ, काही नाही. फळंही नाहीत. दुपारी बारापर्यंत फक्त पाणी, मग भाजी, दही, शेंगदाणे, आणि संध्याकाळी सातच्या आत पुन्हा तेच. रोज सकाळी लोक आपली कमी झालेली वजनं टाकायचे आणि खाली शंभर जण टाळ्या वाजवायचे.

मला ते लागू पडलं. नऊ किलो उतरलो, अंगठ्याची जखम भरली, शुगर खाली आली. माझी गोळी साधी होती, ती उपाशीपोटीही फार खाली नेत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, सगळं माझ्या निश्चयानं झालं.

मग मी शिकवायला लागलो. गिरणीवर बसून पीठ वाईट कसं ते सांगायचो. गयाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिचा डबा माझ्याकडं तीस वर्षं येतो. ती एकदा सगळं ऐकून म्हणाली, "मंग माझं दळण काहून दळून राहिलास? फेक उकिरड्यावर. आन तू बी गिरणी मोडून काकड्याचं दुकान टाक." सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, पण मनात म्हटलं, अडाणी आहेत.

*

शोभा पहिले तीन आठवडे माझ्यासाठी वेगळं करायची आणि स्वतःसाठी दोन भाकऱ्या थापायची. तव्यावरच्या भाकरीचा वास पुढं गिरणीपर्यंत यायचा. दिवसभर ज्वारीच्या पिठात उभा राहिलेला उपाशी माणूस, त्यात तो वास. एका दुपारी मी आत गेलो आणि म्हणालो, "घरात भाकरी करायची न्हाई. बास."

ती तव्याजवळ बसली होती. "मी काय खाऊ?"

"मी खातो ते. तुला बी शुगरच हाय ना? तुझ्या भाकरीनंच हे घर आजारी पडलं."

"जवारी दळून पोट भरलं आपलं," ती म्हणाली, "आन आता जवारीच वाईट झाली व्हय?"

परातीतला गोळा तिनं झाकून ठेवला आणि संध्याकाळी गाईला घातला. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की हे तिच्या भल्यासाठी आहे. ते खोटं होतं. माझा संयम सुटू नये म्हणून मी तिची भाकरी बंद केली.

एक गोष्ट तिनं सोडली नाही, आठची गोळी. आणि ती गोळी मी तिला माझ्या हातानं द्यायचो. आधी कधी दिली नव्हती. पण आता मी आरोग्यावर बोलणारा माणूस झालो होतो. रोज आठला पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन तिच्यासमोर उभा राहायचो. दळणाला आलेल्या बाया म्हणायच्या, "शोभाबाई, नशीब काढलंस. आमचे हे तर पाणी बी देत न्हाईत." मला बरं वाटायचं.

गोळी आठला आणि जेवण बाराला. या दोन्ही वेळा मीच ठरवल्या होत्या. तिची गोळी माझ्यासारखी नव्हती. ती शुगर खेचून खाली आणणारी होती. वर लगेच भाकरी पडायची म्हणूनच ती सहा वर्षं चालली. मला वाटायचं, शुगरची गोळी म्हणजे शुगरची गोळी.

*

खुणा दिसत होत्या. अकराच्या सुमाराला तिच्या कपाळाला घाम यायचा. चाळणी धरलेला हात थरथरायचा. एकदा तिच्या हातून पिठाचा भरलेला डबा सुटला आणि ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली. मी गटात विचारलं. उत्तर आलं, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, थांबू नका. मी थांबलो नाही.

मनीचा फोन यायचा. ती म्हणाली, "पप्पा, आई बोलताना अडखळून राहिली. डॉक्टरला विचारलं का?"

"डॉक्टरला काय विचारायचं? ते गोळ्या वाढवतील."

"विचारा तर खरं."

"तुझ्या आईचं वजन बघ किती उतरलं," मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो.

*

तो दिवस असा. आदल्या दिवशी संकष्टी होती. शोभा चतुर्थी कधी मोडत नसे. आधी ती उपवासाला भगर, साबुदाणा, एखादा उकडलेला बटाटा खायची. आता ते सगळं बंद होतं, म्हणून ताक आणि मूठभर शेंगदाण्यांवर दिवस काढला. चंद्र उगवल्यावर उपवास सोडला तो वाटीभर दोडक्याच्या भाजीवर. सकाळी आठला मी गोळी दिली. साडेनऊला ती म्हणाली, "डोकं दुखून राहिलं. जरा पडते."

बाजाराचा दिवस होता. गिरणी दुपारपर्यंत थांबली नाही. मध्ये एकदा मी आत डोकावलो, ती कुशीवर झोपली होती. वाटलं, बरं झालं, विश्रांती घेते आहे. साडेबाराला पट्टा उतरवून गिरणी बंद केली आणि जेवायला हाक मारायला गेलो. उशी घामानं भिजली होती. डोळे अर्धे उघडे, तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. हाक मारली की मान हलवायची.

मी ओरडलो. शेजारी हमीदभाईंचं शिलाईचं दुकान आहे, आमच्या भिंतीला भिंत. ते आणि शबानाभाभी धावत आले. भाभींनाही शुगर आहे. त्यांनी शोभाच्या गळ्याला हात लावला आणि परत पळाल्या. आल्या तेव्हा हातात पेला होता, साखरेचं पाणी. शोभाचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी पेला तिच्या ओठाला लावला. शोभानं एक घोट गिळला. मी पाहिलं, तिनं गिळला.

मी भाभींचा हात धरला. "साखर देऊन राहिल्या? शुगरची पेशंट हाय ती. मारता का?"

"भाऊ, शुगर उतरली असंल. पिऊ द्या."

"उतरती कशी? आजार वाढायचा असतो." मी पेला त्यांच्या हातून घेतला आणि बाहेर ओतला.

भाभी माझ्याकडं बघत राहिल्या. परक्या घरातली बाई आजारी, तिच्या नवऱ्यापुढं त्या किती बोलणार. हमीदभाई जीप आणायला गेले.

गोरेगावाहून सेनगाव, सेनगावाहून हिंगोली. वाटेत तिला झटका आला. दातखीळ बसली. हमीदभाईंनी आपला रुमाल तिच्या तोंडाशी धरला आणि सगळा रस्ता "आलं आलं, आता आलं" म्हणत राहिले. हिंगोलीच्या दवाखान्यात नर्सनं बोटातून रक्त घेतलं आणि यंत्राकडं बघून डॉक्टरांना हाक मारली. शुगर अठ्ठावीस. डॉक्टर सलाईनमधून ग्लुकोज सोडत विचारत होते, "शेवटचं कधी खाल्लं? घरी गोड काही दिलं का?"

मी म्हणालो, "काल रात्री जेवली. गोड काही दिलं न्हाई, लक्षातच आलं न्हाई."

हमीदभाई माझ्या शेजारी उभे होते. ते जमिनीकडं बघत होते.

*

शुगर तासाभरात वर आली, पण शोभा जागी झाली नाही. मेंदूला फार वेळ खुराक मिळाला नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि नांदेडला हलवायला सांगितलं. वारंगा फाट्याला ॲम्ब्युलन्स दोन मिनिटं थांबली. मनी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी होती. ती आत चढली, आईच्या पायाशी बसली आणि विचारलं, "काय झालं होतं?"

"चक्कर आली," मी म्हणालो. "पडली."

नांदेडचे सोळा दिवस. सकाळी अकराला पाच मिनिटं आणि संध्याकाळी पाचला पाच मिनिटं आत सोडायचे. बाकी वेळ जिन्याखालच्या बाकावर. तिथं बसणाऱ्या नातेवाइकांची एक वस्तीच होते. कोण कुठं अंघोळ करतं, कुणाचा डबा कधी येतो, सगळ्यांना ठाऊक असतं. परभणीकडचे एक आजोबा रोज माझ्यासमोर आपली चपाती मोडून अर्धी ठेवायचे. मी ती खात होतो. माझं पथ्य पहिल्याच दिवशी सुटलं होतं. त्यासाठी काही निश्चय लागला नाही.

चौथ्या दिवशी नर्सनं सांगितलं, नाकातल्या नळीतून खाणं सुरू करायचं आहे, पातळ पेज आणून द्या, तांदळाची, डाळीचं पाणी घालून. मनीनं खालच्या खानावळीत करून घेतली. मी वाटी घेऊन आत गेलो. नर्स मोठ्या सिरिंजमध्ये पेज ओढून घ्यायची आणि हळूहळू सोडायची. तांदूळ आणि डाळ. तीन महिने मी ज्या दोन गोष्टी घरातून हाकलल्या होत्या, त्यांच्यावर आता तिला जगवणं चाललं होतं. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो.

त्याच आठवड्यात हमीदभाई आले. माझे कपडे, गिरणीची किल्ली आणि भाभींनी दिलेला डबा घेऊन. गिरणी त्यांनी दोन दिवस स्वतः चालवली होती. "गयाबाईनं मला लई शिव्या दिल्या," ते म्हणाले. "म्हणती, टेलर, कापड शिव, पीठ जाड करून ठेवलंस." मी थोडा हसलो. मग ते सहज बोलून गेले, "आमची ही रोज्याच्या महिनाभर आधीच डॉक्टरकडं जाती. पहाटे सहरीला काय खायचं, गोळी कोणती बंद, कोणती अर्धी, इफ्तारला किती, सगळं बराबर लिहून घेती. डॉक्टर न्हाई म्हणला तर रोजे सोडती बी. तुमी हे चालू करताना विचारलं न्हवतं का?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या. डबा खाऊन घ्या."

वीस वर्षं शेजारी राहतो आम्ही. दर वर्षी रमजानच्या आधी भाभी डॉक्टरकडं जाताना मी पाहत आलो. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की उपाशी राहणं हे विचारून करायचं असतं, आणि ती गोळीची गोष्ट आमच्या घरालाही लागू आहे. तो त्यांचा रिवाज, असं मी समजत होतो.

पेल्याबद्दल त्या दोघांनी कुणाला एक शब्द सांगितला नाही. ते कुठंतरी बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

*

अकराव्या दिवशी शोभानं डोळे उघडून मनीकडं पाहिलं. तिला माझ्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. तरी आम्ही दोघं बाकावर येऊन हसलो आणि त्या आजोबांना चहा पाजला.

सुट्टी देताना डॉक्टरांनी तिची गोळी बदलली आणि आहाराबद्दल सांगणाऱ्या एका मुलीकडं पाठवलं. पंचविशीतली असेल. तिनं विचारलं, "काकू आधी काय जेवायच्या? हे सगळं सुरू व्हायच्या आधी?" मी सांगत गेलो. सकाळची भाकरी, पालेभाजी, चटणी, दुपारचं वरण, चारचे फुटाणे. ती लिहीत गेली. मध्ये दही घातलं, एक पेरू घातला, भाकरी किती ते लिहिलं आणि प्रत्येकापुढं वेळ टाकली. कागद माझ्याकडं दिला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. चांगलं चाललं होतं की त्यांचं."

त्या कागदावर नवीन काही नव्हतं. तो शोभाच्याच ताटाचा कागद होता. माझं स्वतःचंही आता तेच चालू आहे. गोळी, वेळेवर दोन भाकऱ्या, वरण, भाजी, मळ्यापर्यंत चालणं. शुगर ठीक आहे. गेल्या दीड वर्षात मी जेवढा त्रागा केला, जेवढ्या काकड्या चावल्या, जेवढ्या लोकांना शहाणपण शिकवलं, त्यातून जे मिळवायचं होतं ते माझ्या घरात रोज सकाळी आठला शिजत होतं.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. तुम्ही गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल तर जेवण कमी करण्याआधी, वेळ बदलण्याआधी, साधा उपवास धरण्याआधीसुद्धा डॉक्टरांना विचारा. तुमची गोळी शुगर खाली खेचणारी आहे का, हे स्पष्ट विचारा. आणि शुगरच्या माणसाला घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं, तर तो गिळू शकत असेल तोवर साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. शुगर नुसती वाढत नाही, उतरतेही. हे मला माझ्या शेजारच्या बाईनं सांगितलं होतं.

*

घरी आल्यावर शोभा हळूहळू चालायला लागली. पण चालताना भिंत धरते. बोलते थोडं, शब्दाला वेळ लागतो. चहात मीठ टाकते. सांगितलं ते विसरते. हसत नाही आणि रागावतही नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. पूर्वी माझ्या पायाला पीठ लागलेलं असलं तरी तिचा आवाज बाजारापर्यंत जायचा. जेवण मी भरवतो. कागद भिंतीला चिकटवला आहे.

गेल्या महिन्यात मनी आठ दिवस राहायला आली होती. एका सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. भाकरी बंद केल्याचं, गोळीचं, पेला ओतल्याचं. ती पाणी भरत होती. हंडा भरून वाहायला लागला तरी तिनं नळ बंद केला नाही.

"मला वाटतच होतं," ती म्हणाली. मग नळ बंद करून, "मला काय सांगून राहिले? आईला सांगा."

"तिला कळंल का?"

"न्हाई कळलं तरी सांगा."

त्याच दुपारी सांगितलं. शोभा अंगणात खाटेवर बसली होती, समोर निवडायला मेथी. मी खाली पायरीवर बसलो आणि जे इथं लिहिलं तेच सांगितलं, याच क्रमानं. ती मेथीची पानं तोडत होती, पानं आणि काड्या एकाच ढिगात टाकत होती.

"मला भूक लागत होती का?" तिनं विचारलं.

"लागत असंल."

"मी म्हणले न्हवते?"

"एकदा म्हणली होतीस."

"मंग?"

"मी म्हणालो, पाणी पी."

तिनं मान हलवली. दुसऱ्या कुणाची हकीकत ऐकावी तशी. मला वाटलं, झालं. सांगून झालं आणि तिच्यापर्यंत पोचलंही नाही. मी उठणार होतो. पण एक गोष्ट राहिली होती. ती मी मनीलाही सांगितली नव्हती आणि इथंही आतापर्यंत लिहायची टाळली.

त्या तीन महिन्यांत गिरणीच्या सामानासाठी मी तीनदा सेनगावला गेलो होतो. तिन्ही वेळा स्टँडसमोरच्या गाड्यावर उभं राहून गरम भजी खाल्ली, तळलेल्या मिरच्यांसोबत, दोन-दोन प्लेट. मग तोंड धुऊन, बडीशेप खाऊन घरी आलो आणि तिच्यासमोर बसून दोडक्याची भाजी खाल्ली. पथ्य मी मोडलं होतं. तिनं एकदाही मोडलं नाही. घरात मागं कुणी बघत नसताना ती मूठभर पीठ घेऊन भाकरी थापू शकली असती. गिरणीच होती घरात.

हेही मी सांगितलं.

शोभाचे हात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की ही मला ओळखून बघते आहे.

"एकटेच?"

"व्हय."

"तीनदा?"

"तीनदा."

"मला न्हाई आणले," ती म्हणाली.

तिनं मेथीचं ताट ढकलून दिलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

संध्याकाळी सातला मी नेहमीसारखं ताट घेऊन तिच्यापुढं बसलो. वरणात कुस्करलेल्या भाकरीचा घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मी हात तसाच धरून राहिलो. तिनं माझा हात बाजूला सारला, हळू पण नीट. मनीनं येऊन माझ्याकडून ताट घेतलं. मी उठून दाराशी उभा राहिलो.

मनीच्या हातून ती जेवली. शेवटचा घास झाल्यावर तिनं ताटाकडं पाहिलं आणि विचारलं, "आजून हाय का?"

मनीनं माझ्याकडं बघितलं. मी आत गेलो, टोपल्यातली अर्धी भाकरी आणली आणि मनीच्या हातात दिली.